अनिशचे वळण

अनिशने बशीतल्या खाज्याचा एकच तुकडा उचलला, खाल्ला आणि चड्डीवर पडलेला कण बोटाने टिपून बशीच्या कडेला ठेवला.

सुशीलाबाई बघत राहिल्या. पाच वर्षांचा मुलगा, परक्या घरात, अर्धा तास गप्प. तेवढ्याच वेळात त्यांचा नातू समर्थ खिडकीच्या गजांवर चढला होता, तिथून सोफ्यावर पडला होता आणि आता पाहुण्यांच्या चपला एकेक करून विहिरीकडे नेत होता.

"ह्येका म्हणतत वळण," त्या सुनेकडे न बघता म्हणाल्या. "आवशीची मेहनत दिसता."

सून जान्हवी चपला आणायला धावली.

अनिशच्या आईने, प्रेमलताने, मान खाली घातली. अनिशच्या कौतुकाला ती पहिली तीन वर्षे अगदी मनापासून अशीच मान घालायची; शेजारणींना उपदेशही करायची. मग विकी झाला. आज त्याला तिने मुद्दामच नवऱ्याच्या ताब्यात देऊन घरी ठेवले होते. धाकट्या बहिणीसाठी ती सुशीलाबाईंच्या धाकट्या मुलाचे, निलेशचे स्थळ बघायला आली होती, आणि सुशीलाबाई सोयरिक ठरवताना आधी त्या घरातली पोरे बघतात, हे मालवणच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक होते.

चहा गाळायला म्हणून ती जान्हवीच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली.

"ताय, माका एक सांगा," जान्हवी हळूच म्हणाली. "कसा शिकवलात ह्येका? मी ओरडान बघलंय, गोडीन बघलंय, नवस पण बोललंय."

गाळणी धरलेल्या तिच्या मनगटावर दातांचे ताजे अर्धवर्तुळ होते.

प्रेमलताने दाराकडे पाहिले. मग आपल्या बांगड्या कोपराकडे सारल्या. खाली तसेच अर्धवर्तुळ होते, दोन दिवसांचे.

"ह्यां कोणाचा?"

"धाकट्याचा. घराकडे आसा. बापूस राखता."

"एकाच आवशीचे दोघव?"

"आवस तीच, बापूस तोच, ओरडा पण तोच. ह्यो थोरलो जन्माक इलो तोच गप. नर्सान पायाक टिचक्यो मारल्यान तेव्हा खंय रडलो."

जान्हवीने ओढणी तोंडावर दाबली. तिचे खांदे हलत होते.

"टोपलेत वरती पापलेट लावलात आणि तळाक मोरी मासो!"

"बाजारात मासे घेवन बसतंय मी, गो. हाताक सवय." प्रेमलताने बांगड्या खाली ओढल्या. "सासूक सांगतलस?"

जान्हवीने कप ट्रेमध्ये ठेवले. ट्रे उचलून ती बाहेर गेली.

"आई," कप मांडता मांडता ती म्हणाली, "निलेशभावजींका ह्या तायंचीच बहीण करूया."

सुशीलाबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले. जान्हवीच्या लग्नाला सहा वर्षे झाली. दोघींचे एकमत प्रथमच होत होते.

"बघलंस? तुका पण वळण पटला."

"अगदी," जान्हवी म्हणाली आणि प्रेमलताकडे वळली. "पण ताय, लग्नाक घरातले सगळे येवक होये हां. एकाक पण मागे ठेवू नकात."

प्रेमलताला चहाचा ठसका लागला.

"तर काय!" सुशीलाबाई अनिशच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या. "असलीच पोरां होयीत मांडवात."