थांबल्यावर दोन दिवस

“काल सकाळपासनं कितींदा जाऊन आली?” मनुबाईने अंगणातूनच विचारलं. तिचा आवाज असा, की शेजारच्या वाडीत नारळावर चढलेल्या माणसालाही प्रश्न आपल्यालाच आहे असं वाटावं.

तुळशीची आई ओटीवर तांदूळ निवडत होती. आत झोपाळ्यावर तिच्या सासऱ्यांशी, दादांशी, बोलत अलिबागेहून आलेले दोन पाहुणे बसले होते. ते बोलायचे थांबले. तुळशीच्या आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“अगो मनुबाई, हळू बोल की! माणसं बसलीत आत.”

“मग? मानसांना पोट नसतं व्हय? कितींदा?”

“एकदाच. आणि आता बरी आहे ती. घेऊन जा आज, घरात नुसता धुडगूस घालत्ये.”

“एकदा म्हंजे थांबलं न्हाय. साळेतल्या बाय म्हनल्यात, पुरतं थांबल्यावर दोन दिवस घरात. आज थांबलं तर उद्या नि परवा. तेरवा न्यायला येते.”

तुळशी दारामागून पाटी घेऊन डोकावत होती. मनुबाईने तिच्याकडे बघायचं टाळलं आणि ती फाटकाबाहेर पडली. पोरीला घरी ठेवून फाटकाबाहेर पडणं तिला जमत नव्हतं. एकोणीस वर्षांत सवयच नव्हती.

मनुबाई लोकल बोर्डाच्या मुलींच्या शाळेची बोलावणारी बाई होती. किहीमच्या बाजूला त्या काळात मुलींची शाळा चालवायची तर एक मास्तरीणबाई शिकवायला आणि एक बाई पोरी गोळा करून आणायला लागायची. एकोणीसशे एकतीस साल असलं म्हणून काय झालं? पोरी आपल्या पायाने शाळेत येतील आणि आया त्यांना येऊ देतील, असं काही तेव्हाही नव्हतं. सकाळी मनुबाई गल्लीच्या तोंडाशी उभी राहून ओरडायची, “साळाऽऽ! पाटी घ्या!” त्या ‘साळा’चा शेवट ती असा वर उचलायची की झोपलेली पोरगीही उठून बसे. मग एकेक घर. कोण माळ्यावर लपते, कोणाची आई ऐन वेळी भांडी घासायला बसवते, सगळं तिला पाठ. अर्ध्या डोक्याला तेल लावलेली पोर तिने तशीच नेलेली आहे. स्वतःला एक अक्षर वाचता येत नव्हतं. नवरा मुंबईला गिरणीत, वर्षातून दोनदा यायचा. मूलबाळ नव्हतं. पटावरच्या तेवीस पोरी तेवढ्या होत्या, आणि त्यांतली चालती-बोलती पोर तिने कधी घरी राहू दिली नव्हती.

आणि नडलं ते तेच.

हस्त लागला होता. शाळेत रोज दुपारी पोरींचा भोंडला. पाटावर हत्ती काढायचा, फेर धरायचा आणि मग जिचा दिवस असेल तिने झाकून आणलेली खिरापत इतरांनी ओळखायची. खिरापत जिची तिनेच आणायची आणि तिनेच वाटायची, हा पोरींचा कायदा. दिवस चुकला की वर्ष गेलं. तुळशीचा दिवस आला त्याच्या आदल्या रात्री तिला ओकाऱ्या आणि जुलाब झाले. सकाळी आई म्हणाली, नको जाऊ. तुळशीने भोकाड पसरलं. तेवढ्यात मनुबाई दारात. “थांबलंय नव्हं? मंग चल गो. खिरापत तुझी, नि तूच न्हाय?” तिनेच पोरीचा हात धरला. तुळशीने गूळपोहे शाळेच्या पडवीत स्वतःच्या हाताने कालवले आणि मूठमूठ वाटले. दोन दिवसांत चौदा पोरी आडव्या.

कोणी दगावलं नाही, हे नशीब. पण धाकटी काशी इतकी सुकली होती की तिची आई येऊन शाळेच्या पायरीवर नुसती बसून राहिली.

शाळेच्या अनुसूयाबाई पुण्याला शिकून आलेल्या, वयाने जेमतेम पंचविशीच्या. त्यांनी माठ उन्हात पालथा घातला, सगळ्यांच्या तोंडाला लागणारा एकच तांब्या उचलून ठेवला आणि नियम केला. थांबल्यावर दोन दिवस घरी. मनुबाईला तो अजिबात पटला नाही.

“बाय, तुम्हाला ठाव न्हाय. पोर दोन दिवस घरात र्‍हायली की आईला कळतं, हिचा केवढा उपेग हाय. मंग कोन धाडतंय?”

“मनुबाई, त्या दिवशी तुळशीला कोणी आणलं?”

अनुसूयाबाईंनी टोचायला विचारलं नव्हतं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. पण मनुबाई खाली बघत राहिली आणि त्यांना कळलं. मनुबाईला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून ती दारोदार हिंडून पोरींची पोटं विचारू लागली.

आज दादांच्या फाटकातून मनुबाई निघाली ती खाजणाचा, भरतीचं पाणी अडवणारा बांध धरून पलीकडच्या पाड्याकडे. तिथून एकच पोर शाळेत यायची, केसर. तिच्या आईला, रंगूला, राजी करायला मनुबाईने दोन वर्षांपूर्वी अकरा खेपा घातल्या होत्या. केसर आता तिसरीत होती. हिशेब तोंडी करायची, आणि तोही बाईंचं सांगून व्हायच्या आत. पाड्यावरची चौथीला बसणारी पहिली पोर ही असेल, असं बाई म्हणाल्या होत्या. चौथी म्हणजे नेमकं काय ते मनुबाईला ठाऊक नव्हतं, पण ती बाजारात चार जणींना सांगून आली होती.

रंगू दारात दगडावर विळा घासत होती. केसर वेणी घालून, पाटी काखेत मारून तयार. कडेवर वर्षाचा भाऊ, मोरू.

“थांबलं का गो?” मनुबाईने विचारलं.

“काल दुपारपासनं न्हाय. दोन टायमाची पेज बी र्‍हायली.” केसरने भावाला खाली ठेवलं. “चला.”

“काल दुपारी थांबलं. मंग आज नि उद्या घरात. परवा न्यायला येते.”

रंगूने विळा थांबवला. “परवा? उद्यापासनं कापनी हाय आमची.”

“आजचा नि उद्याचा दिवस ऱ्हाऊ दे गो.”

“मनुबाय, नीट ऐक. साळेत गेली तर मी म्हनते, गेली ती गेली, तिच्याबिगर भागवायचं. पन कापनीच्या दिवशी घरात दिसली तर पोराला तीच बघनार, नि मंग कापनीभर तीच बघनार. झोडनी हाय, मंग वालाचं काम हाय. कवा सुटंल ती? न्यायची तर आज ने. बरी तर हाय.”

बरी होतीच. डोळे स्वच्छ, पाय घट्ट. बाईंना सांगितलं असतं तेरवाच थांबलं, तर बाईंनी विश्वास ठेवला असता. आणि आज सोडली तर पोरगी गेली, हे मनुबाईला रंगूइतकंच समजत होतं. अकरा खेपा तिला एकेक आठवल्या. पण शाळेत आज दोन पोरी आजारातून नुकत्या उठून येणार होत्या, पापडासारख्या, आणि त्यांच्यात धाकटी काशी होती.

“न्हाय नेत,” ती म्हणाली. “परवा येते.”

केसर रडली नाही. तिने पाटी आत नेऊन कोनाड्यात ठेवली आणि भावाला पुन्हा उचललं. त्यापेक्षा ती रडली असती तर बरं झालं असतं. मनुबाई बांधावरून परत फिरली. त्या सकाळी तिने उरलेल्या घरांना हाक मारली ती कशीबशी.

आणि ‘परवा येते’ म्हटलेला तो परवा आलाच नाही. संध्याकाळी तिच्याच पोटात मुरडा आला.

दोन दिवस ती आत-बाहेर करत होती. शेजारची आवडाबाई जायफळ उगाळून द्यायची, डाळिंबाची साल उकळून द्यायची आणि बजावायची, “साळंला कळव, माझ्याच्यानं होत न्हाय.” पोट थांबलं तिसऱ्या दिवशी सकाळी. लगेच लुगडं नेसून निघायची तिची सवय. उठली, दारापर्यंत गेली आणि दाराचा कोयंडा धरून उभी राहिली. मग परत येऊन घोंगडीवर पडली. आवडाबाईकडून तिने शाळेत निरोप धाडला, की मनुबाईचं आज थांबलंय, मनुबाई अजून दोन दिवस घरी आहे. तुळशीच्या आईला अंगणातून ओरडून सांगितलं, रंगूची पोरगी दारात टाकून आली, आणि स्वतःला वेगळा कायदा लावायचा, हे तिला झेपलं नसतं.

पण ते पडून राहणं! बाहेर ऊन चढायचं, हाकेची वेळ व्हायची, आणि गल्ली गप्प. सगळ्या पोरी घरात बसल्या असणार. कोणी सुपाऱ्या सोलत असेल, कोणी पोर सांभाळत असेल, आणि आया म्हणत असतील, बरं झालं. परवा येते म्हणून केसरला सांगितलं, तो दिवसही गेला. तिला डोळ्यांपुढे केसर कापणीच्या शेतात दिसायची, कडेवर भाऊ घेतलेली.

“एकोनीस वर्सं,” ती आवडाबाईला म्हणाली, “नि पंधरा दिवसांत सगळं धुऊन गेलं. मीच आनली तुळशीला, नि मीच टाकली केसरला. दोन्हीकडनं मीच.” आणि तोंडावर पदर घेऊन ती रडली. आवडाबाईने पेज थंड करून पुढे ठेवली.

दोन दिवस पुरे झाले त्या सकाळी मनुबाई उठली. हातपाय हलके लागत होते. वेणीचा अंबाडा घालता घालता ती मनाशी घरं लावत होती, आधी कोणाकडे जायचं, कोणाच्या आईच्या पाया पडायचं. पाड्यावर जायची वेळ आली की काय बोलायचं ते मात्र सुचत नव्हतं.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी हाक आली. “साळाऽऽ! पाटी घ्या!”

आवाज बारीक होता, पण शेवट तस्साच वर उचललेला.

मनुबाई दारात आली. गल्लीतून केसर येत होती. काखेत पाटी, कडेवर मोरू, आणि मागे पोरी. मनुबाईने बोटांच्या पेरांवर मोजल्या. सतरा. त्यांत तुळशी होती, धाकटी काशी होती. केसर पायरीपाशी येऊन थांबली आणि वर चढली नाही.

“पुरतं थांबलं?” तिने अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं.

“थांबलं गो.”

“पेज ऱ्हाते?”

“ऱ्हाते.”

“दोन दिस झालं?” तिने स्वतःच बोटं मोजली. “झालं. मंग चला.”

पोरी खिदळल्या. मनुबाईलाही हसू आलं.

“तू गो कशी आलीस? कापनी?”

“कापनी चालूच हाय. तुम्ही परवा म्हनलात नि आलाच न्हाय. मी वेनी घालून बसली. आय म्हनली, न्यायची असून तिनं नेली न्हाय, पोरीच्या पोटासाठी. आता तिला काय झालं ते बघून ये. मोरूला संगं ने म्हनली, मंग साळेत बस.” तिने भावाला वर सरकवलं. “बाय वर्गात न्हाय घेत ह्याला. रडतो. मी बाहेर पायरीवर बसते, तिथनं फळा दिसतो. थोडा. तीन दिस झालं. नि हाका मारनारं कोन नव्हतं, म्हनून मीच मारल्या. बाय म्हनल्या तुम्ही दोन दिस घरात, म्हनून ह्या गल्लीत आजच आली.”

तीन दिवस! ही पोर खाजण ओलांडून, वर्षाचं पोर कडेवर घेऊन, घरोघर हाका मारत हिंडली होती, आणि आपण घोंगडीवर पडून तिला शेतात बघत होतो. मनुबाईने दार ओढून घेतलं, कडी घातली, पायरी उतरली आणि दोन्ही हात पुढे केले.

“आन हिकडं त्याला. मी बसते पायरीवर. तू आत जा, फळ्यासमोर.”

मोरू तिच्याकडे आला. जड होता चांगलाच. केसरचा खांदा त्या बाजूला वाकलेलाच राहिला होता, तो तिने झटकून सरळ केला. मग पाटी नीट धरून ती पुढे निघाली.

पुढच्या गल्लीच्या तोंडाशी मनुबाईचं तोंड सवयीने उघडलं, पण केसरने आधीच हाक दिली होती. मनुबाईने तोंड मिटलं. मोरूने तिचा कान धरला. तिने त्याला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ती पोरींच्या मागून शाळेत गेली.