घुमीला नवा मेंदू बसवला त्याची गोष्ट

मी एक जुनी मिलिंग मशीन आहे, मित्रांनो. कारखान्यात असतात तसली धिप्पाड नव्हे. घराच्या मागच्या खोलीत, खिडकीखालच्या बाकावर मावेल एवढीच. माझ्या टेबलावर लाकूड किंवा मऊ धातू आवळून बसवतात, वरून फिरते कटर खाली येते, टेबल हवे तसे सरकते आणि नको असलेला भाग कोरून निघतो. कुठे सरकायचे आणि किती, हे मला एक संगणक सांगतो. तोच माझा मेंदू. तो बदलायची वेळ आली, तेव्हा घरात जे घडले ते तुम्हाला सांगते.

मला दोन भावांनी घडवले. थोरला पंपांच्या कारखान्यात फिटर होता. धाकटा आधी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा, पुढे संगणकही उघडू लागला. थोरल्याने लग्न केले नाही. तो खालच्या मजल्यावर राहायचा आणि धाकट्याचा संसार वरच्या मजल्यावर. दोघांच्या स्वभावात जमीन-अस्मानाचे अंतर. थोरला एक स्क्रू नीट बसावा म्हणून अख्खी सकाळ घालवी. धाकटा म्हणे, चालतंय ना, मग झालं. तरीही सुट्टीच्या दिवशी दोघे या खोलीत शिरले की जेवायला चारदा हाका माराव्या लागत.

माझी बैठक म्हणजे ओट्यासाठी कापताना कोपरा तुटलेली दगडी फरशी. सांगाडा लोखंडी चॅनेलचा. मोटारी भंगारातल्या मोठ्या प्रिंटरमधून काढलेल्या. टेबल पुढे-मागे नेणारे लांब आट्यांचे दांडे आणि त्यांवर फिरणारे पितळी नट थोरल्याने स्वतः केले. संगणक आणि त्यातला प्रोग्राम धाकट्याचा. माझ्या मोटारी चालताना घूं घूं करतात आणि मी स्वतः कधी काही बोलत नाही, म्हणून धाकट्याने माझे नाव घुमी ठेवले.

धाकट्याने प्रोग्राममध्ये एक गंमत केली होती. संगणकाच्या पडद्यावर रुक्ष सूचना यायच्या, त्याऐवजी त्याने आपलीच बोली घातली. मला पडदा दिसत नसे, पण थोरला ती वाक्ये मोठ्याने वाचायचा, म्हणून मला पाठ झाली. सुरू केले की यायचे, 'तयार आहे, दादा.' काम चालू व्हायच्या आधी, 'दादा, कटर घट्ट केलंस ना?' आणि काही बिनसले की, 'थांब. हात काढ आधी.' थोरला वाचायचा आणि पुटपुटायचा, "मोठा आलाय मला शिकवणारा."

ती माझी भराची वर्षे होती. मिक्सरची दातेरी चाके, घड्याळाच्या पेट्या, दारांवरच्या पाट्या, कसले कसले तुटके भाग घेऊन लोक यायचे. समोर एक टेलरबाई राहायच्या. लहानपणापासून त्यांचे पाय अधू. त्यांच्या चाकाच्या खुर्चीचा, पुढचे चाक धरून ठेवणारा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा तडकला. खुर्ची बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. तो तुकडा मी कोरून दिला. बाईंनी खुर्ची अंगणात गोल फिरवून बघितली आणि दोघा भावांना म्हणाल्या, "पाय दिलेत मला." थोरला दोन दिवस हवेत होता. माझ्यावर हात ठेवून जो येईल त्याला सांगायचा, हे माझ्या हातचं काम आहे, केसभर हलणार नाही.

मग धाकटा गेला. साध्या तापाचे निमित्त झाले आणि आठवडाभरात माणूस होत्याचा नव्हता झाला. त्याच्या मागे बायको आणि शिकणारी मुलगी.

थोरल्याने माझ्यावर एक जुनी चादर टाकली आणि खोलीला कडी घातली. मित्रांनो, यंत्राला काम जेवढे झिजवत नाही तेवढे ते नसणे झिजवते. तेल वाळून चिकट झाले. खिडकीतून ओल आली आणि माझ्या दांड्यांवर तांबूस गंज धरला. खोलीबाहेर थोरल्याची पावले यायची, दाराशी थांबायची आणि परत जायची.

बऱ्याच काळाने एके सकाळी त्याने चादर काढली. मला वाटले, आता काम सुरू होणार. त्याने गंज पुसला, तेल घातले, संगणकाचे बटण दाबले. तो कण्हत कण्हत सुरू झाला. थोरल्याने वाचले, "तयार आहे, दादा." पुढे काही केलेच नाही. बराच वेळ बसून राहिला आणि संगणक बंद करून निघून गेला. नंतर हेच रोजचे झाले. देवापुढे दिवा लावावा तसे तो बटण दाबायचा, वाचायचा आणि बंद करायचा. अधूनमधून बारीकसारीक काम घ्यायचा, तेही ती वाक्ये यावीत म्हणूनच. संगणक म्हातारा झाला होता. चालता चालता गोठायचा, मध्येच भानावर यायचा. धाकट्याची मुलगी एव्हाना इस्पितळातली यंत्रे दुरुस्त करू लागली होती. तिने काकाला सांगितले की याचे आतले भाग फुगलेत, हा बदलायला हवा. काका म्हणाला, "त्याला हात लावायचा नाही." 

टेलरबाईंच्या खुर्चीचा तो तुकडा एवढ्या वर्षांनी पुन्हा तडकला. खुर्ची चालेना. त्यांचे शिवणाचे दुकान रस्त्याच्या टोकाला, त्यामुळे बाई घरात अडकल्या. थोरल्याने लगोलग काम हाती घेतले. अर्धा भाग कोरून झाला आणि संगणक गोठला. कटर फिरत राहिले, टेबल जागच्या जागी. मग संगणक एकदम जागा झाला, टेबलाला हिसका बसला, कटर धातूत रुतले आणि मोडले. त्याचा तुकडा उडून थोरल्याच्या डोळ्याखाली लागला.

आवाज ऐकून धाकट्याची बायको धावत खाली आली. तिने जखम धुतली, पट्टी बांधली. बोटभर वर लागला असता तर डोळा गेला असता. मुलगी दारात उभी होती. थोरला म्हणाला की काही झालेले नाही, नवे कटर लावतो आणि पुन्हा सुरू करतो.

त्यावर धाकट्याची बायको त्याच्यासमोर स्टुलावर बसली. इतकी वर्षे ती या विषयावर चकार शब्द बोलली नव्हती.

"दादा, त्यांचे कपडे मी वाटून टाकले," ती म्हणाली. "चष्मासुद्धा दिला. तुम्हाला वाटलं असेल, हिचं काळीज दगडाचं आहे."

थोरल्याने मोडलेल्या कटरकडे नजर वळवली.

"हा प्रोग्राम त्यांनी कधी एक महिना तरी तसाच ठेवला होता का? दर रविवारी मोडायचे आणि पुन्हा लिहायचे. आज ते असते तर हे खोकं त्यांनीच केव्हाच भंगारात दिलं असतं. तुम्ही त्यांचं नाव घेऊन जे जपताय ना, ते त्यांनी जपलं नसतं."

माझ्या मोटारी अजून घुमतच होत्या. थोरल्याने उठून त्या बंद केल्या. पुतणीकडे न बघता म्हणाला, "काय काय लागेल ते बघ."

पुढच्या सुट्टीला तिने सामान आणले. तळहाताएवढे एक सर्किट, एक लहानसा संगणक, टेबल कडेला पोहोचले की थांबवणारी बटणे, आणि कुणालाही चटकन मारता येईल असे एक लाल बटण. जुन्या केबलमधली एकेक तार तिने काढली, तिला चिठ्ठी लावली आणि नव्या जागी बसवली. मित्रांनो, मला भीती वाटली नाही असे म्हणणार नाही. ज्याच्या सांगण्यावर मी आयुष्यभर हलले, तो माझ्यापासून सुटत होता. शेवटची तार निघाल्यावर मी निव्वळ लोखंड आणि दगड होते.

काम करता करता पुतणीने हळूच विचारले, "काका, बाबांची वाक्यं याच्यातही घालू का? जमेल मला."

थोरल्याने हातातला पाना खाली ठेवला. "नको," तो म्हणाला. "ते तो बोलायचा. आता हे बोलेल ते याचं."

मग त्याने जुन्या संगणकातला पंखा काढून घेतला, पंखा चांगला होता म्हणून, आणि उरलेले खोके स्वतः उचलून भंगारवाल्याच्या गाडीत ठेवून आला.

नव्या मेंदूने पहिलाच हुकूम दिला आणि माझे टेबल भलत्याच दिशेला निघाले. दोन तारा उलट्या लागल्या होत्या. त्या बदलल्या. मग थोरल्याने डायल लावला, म्हणजे केसाएवढी हालचालही काट्यावर दाखवणारे मोजायचे साधन. संगणक सांगतो तेवढेच टेबल सरकते का, हे तो मोजत गेला आणि पुतणी आकडे बदलत गेली. दोघांचे सूर जुळले. कितीतरी वर्षांनी या खोलीत कामाच्या नादात चहा थंड झाला.

शेवटी लाकडावर एक गोल कोरून बघायचे ठरले. गोल आला, पण दोन बाजूंनी जरा चपटा. पुन्हा कोरला, पुन्हा तसाच. पुतणीला वाटले, आपलेच कुठेतरी चुकले. तिने सगळे पुन्हा तपासले. थोरला मात्र त्या गोलावरून अंगठा फिरवत राहिला. मग त्याने माझ्या टेबलाला डायल टेकवला आणि टेबल हाताने मागे-पुढे ढकलले. मोटार बंद होती, तरी काटा हलला.

माझा नट ढिला होता. त्याने स्वतः केलेला.

"हा आत्ताचा नाही," आटे बघून तो म्हणाला. "मुळातच ढिला पडलाय. मग इतकी वर्षं गोल बरोबर कसा येत होता?"

पुतणीने डायलच्या काट्याकडे बोट केले. "काका, असं प्रोग्राममधून झाकता येतं. दिशा बदलली की नट जेवढा ढिला आहे तेवढं आधी जास्त सरकवायचं. बाबांनी तसंच केलं असणार."

तिचे खरे होते. मी साक्षीला होते. मी नवी होते तेव्हा एका रविवारी थोरला बाजारात गेला असताना धाकट्याने हाच डायल लावला, काटा हललेला पाहिला आणि स्वतःशीच हसला. मग बसून प्रोग्राममध्ये तेवढी भर घातली. थोरला परत आला तोवर बिनचूक गोल तयार होता. "बघितलंस? माझ्या हातचं काम आहे," थोरला म्हणाला. "मग काय तर," धाकटा म्हणाला. त्यावर पुन्हा कधी अवाक्षर काढले नाही.

पुतणी म्हणाली की नव्या संगणकातही ती सोय आहे, एका मिनिटाचे काम.

"झाकू नकोस," थोरला म्हणाला. "नट नवा करतो."

तो जुन्या कारखान्यातल्या सोबत्याकडे, त्याच्या लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर गेला. गनमेटल या चिवट मिश्रधातूचे दोन नट करून त्याने बाद केले, तिसरा घेऊन आला. तो बसवताना खोलीत आम्ही दोघेच होतो. नट दांड्यावर चढला, घट्टही नाही, सैलही नाही. त्याने टेबल हाताने ढकलले. काटा जागचा हलला नाही. तसा तो खाली बसला, माझ्या दगडाला डोके टेकवले आणि एवढेच म्हणाला, "सांगायचं तरी होतंस रे." आणि रडला. धाकटा गेला तेव्हा सगळ्यांचे डोळे पुसत फिरला होता तो, तेव्हाही रडला नव्हता.

टेलरबाईंचा तुकडा मी दुसऱ्या दिवशी कोरला. माघारी फिरताना टेबल जन्मात पहिल्यांदा अडखळले नाही. आता बाई रोज दुकानात जातात. पुतणी सुट्टीला येते, काकाकडून आटे पाडायला शिकते आणि त्याला नवा संगणक शिकवते. तो शिकताना कुरकुरतो, पण शिकतो.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी वस्तू असेल, तर तिच्यावर चादर टाकून तिची पूजा करू नका. तिला उघडा, तेल द्या, झिजलेले असेल ते बदला. जे मुळात ढिले असेल ते झाकू नका, नीट करा. आणि घरातल्या कुणी तुमची एखादी चूक निमूट सांभाळून घेतली असेल, किंवा तुम्ही कुणाची घेतली असेल, तर वेळेत बोला. मला सगळे ठाऊक होते, पण मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे.