घाम फुटलेली बाहुली

शनिवारची सकाळची शाळा सुटली, पण पोरं घरी गेलीच नाहीत. दप्तरं पाठीवर तशीच ठेवून ती संपतच्या अंगणाकडं धावली. बोरी बुद्रुकजवळच्या त्या वाडीतलं झाडून सारं माणूस तिथं जमलं होतं. कुणी भिंतीवर, कुणी ट्रॉलीत उभं. मधोमध सावळेरामबुवा देवऋषी गुडघे टेकून खड्डा उकरत होता. भगवी कफनी, भल्या रुंद बाह्या आणि मनगटावर सोनेरी पट्ट्याचं घड्याळ.

संपतची बायको द्रौपदा नऊ दिवस तापानं फणफणत होती. तिला दवाखान्यात न्यायचं सोडून संपतनं बुवाला आणलं होतं.

"केस साधी न्हाई," बुवा म्हणाला. "लई पॉवरची करणी हाय. म्या न्हाई आलो आसतो, तर अमावश्येला मॅटर खलास!"

त्यानं कोपरापर्यंत हात खड्ड्यात घातला, डोळे फिरवले, बैलासारखा हंबरला आणि चिखलानं माखलेली बाहुली वर काढली. पोटात पाच टाचण्या.

"सात वर्सं पुरलीया!" असं म्हणत त्यानं ती निखाऱ्यांच्या घमेल्यावर धरली. थोड्या वेळानं बाहुली चमकायला लागली, अंगावर थेंब उभे राहिले.

"घाम फुटला बगा! करणारी हितंच हाय. नाव म्या घेत न्हाई. पर जिचं हात सदा मातीत, तिनंच ही घडवली."

साऱ्या माना मागं वळल्या. मागं चिमाबाई उभी होती. गावाला चुली घालून देणारी, एकटी राहणारी म्हातारी.

शाळेतल्या चित्रकलेच्या रत्नाबाईही पोरांमागोमाग आल्या होत्या. बुवाचा रोख त्यांच्या लगेच ध्यानात आला. दोन महिन्यांपूर्वी त्यांनीच चिमाबाईला मातकामाच्या तासाला बोलावलं होतं. म्हातारीनं पोरांना मातीचा बैल, जातं, बाहुली करायला शिकवलं. पोरं खूश झाली. तेव्हापासूनच बायकांत कुजबुज सुरू झाली होती, म्हातारी बाहुल्या करती म्हणून.

"काढा तिची धिंड!" जमावातला गेणभाऊ ओरडला. कुणीतरी तिचा पदर ओढला.

"आरं, नातवंडावानी पोरं हायती ती माझी," चिमाबाई एवढंच म्हणाली.

रत्नाबाई बाहेरच्या, पेठ गावच्या. नोकरीचं दुसरंच वर्ष. तरी त्या पुढं झाल्या. "बुवा, बाहुली बघू जरा."

"बाईमाणसानं शिवायची न्हाई!"

"केली बाईमाणसानंच म्हणता ना? मग शिवल्यानं काय होतंय?"

भिंतीवरची पोरं फिस्सकन हसली. तेवढ्यात बाईंनी बाहुली घेतलीसुद्धा. तेलकट वास आला आणि त्या ओळखून चुकल्या. त्यांनी सातवीतल्या श्रेयाला शाळेत पिटाळलं. कपाटातला चिमाबाईनं केलेला वाळका बैल आणि शेजारचा डबा आणायला सांगितला. संपतकडं पाण्याची बादली मागितली.

बैल बादलीत सोडला. बुडबुडे आले, पाय गळून पडले, शिंगं गेली. पाच मिनिटांत तळाशी नुसता गाळ.

"ही न भाजलेली माती," बाई म्हणाल्या. "हिला पाच मिनिटं पाणी सोसलं नाही. मग तुमची बाहुली सात पावसाळे जमिनीत नाकाडोळ्यांसकट राहिली कशी?"

"मंतरलेली हाय!"

बाईंनी बाहुली मधोमध मोडली. आत तपकिरी रंगात गुलाबी आणि हिरवी रेघ.

"अगं बया!" श्रेया किंचाळली. "ही तर खेळायची रंगीत क्ले! आमच्या डब्यातल्यासारखी!"

बाईंनी डबा उघडला. पोरांनी हां हां म्हणता सहा बाहुल्या वळल्या. त्या घमेल्याच्या काठाला लावल्या, तर सहाच्या सहा घामाघूम.

"ह्या क्लेत मेण आणि तेल असतं. ऊब लागली की तेल सुटतं. पाण्यात ती विरघळत नाही. आता सांगा बुवा, या सहा जणींनी कुणावर करणी केली?"

"ह्या... ह्या डुप्लिकेट! ओरिजिनल माझी!"

मग हशाच हशा. बाई म्हणाल्या, "बरं, कफनी काढून उघड्या हातांनी दुसरी काढून दाखवा."

"कफनी काढली की पॉवर जाती."

बुवा निघायला लागला, तशी खुद्द गेणभाऊनंच त्याची बाही धरली. आत शिवलेल्या खिशातून दुसरी बाहुली आणि टाचण्यांची पुडी खाली पडली. दुसरी कुणाच्या अंगणासाठी होती, ते बुवानं सांगितलं नाही. जमावातल्या चार-पाच एकट्या बायका मात्र एकमेकींकडं बघत राहिल्या.

संपत चिमाबाईच्या पायाशी वाकला. तिनं त्याला दंडाला धरून उठवलं.

"माफी नंतर माग. आदी पोरीला जीपमंदी घालून दवाखान्यात ने."

कुणीतरी जीप दारात आणली, तशी ती स्वतःच आत चढली, द्रौपदाचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

जीप गेल्यावर गेणभाऊ पुटपुटला, "ह्यो बुवा खोटा निगाला, पर करणी आसतीच की वो, बाई."

"असते म्हणून भागत नाही, गेणभाऊ. दिसली पाहिजे, चार जणांना तपासता आली पाहिजे. आज तुम्ही काही न तपासता एका म्हातारीची धिंड काढणार होतात. तापाचं कारण रक्तात शोधायचं असतं, शेजारणीच्या हातात नाही."

गेणभाऊनं मान खाली घातली. पटलं की नाही, देव जाणे.

नारायणगावच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. टायफॉइड निघाला. आणखी दोन दिवस गेले असते तर हाताबाहेर गेलं असतं, असं ते म्हणाले. दवाखान्यात गेल्यापासून बाराव्या दिवशी द्रौपदा आपल्या पायांनी घरी आली.