एक हजार एकशे बारा दिवस

रक्तपेढीतल्या संगणकाच्या खोलीबाहेर चपलांचा ढीग पडला होता. आत यंत्रबाबा आले होते. रक्त द्यायला आलेली माणसं ते सोडून टाचा उंचावून आत बघत होती, आणि तपासनीस हातातल्या नळ्यांसकट गर्दीत घुसला होता.

बाबांनी संगणकावर काळं कापड टाकलं, तांब्याची कांडी तीनदा फिरवली आणि डोळे मिटून म्हणाले, "याचा श्वास कोंडलाय. सावली पडलीय कुणाची तरी. शेवटचा हात कुणाचा लागला?"

सगळ्या माना ताईकडे वळल्या.

ताई इथली प्रोग्रामर. रक्तदात्यांची यादी नव्या डेटाबेसमध्ये हलवल्यावर तिनं सोमवारी त्याचा ड्रायव्हर बसवला होता. तिनं लिहिलेली आज्ञांची स्क्रिप्ट आणि ती यादी यांच्यातला हा दुभाषा. तो नसेल तर एकीचं बोलणं दुसरीला कळत नाही. आवृत्ती जुळत होती, फाइल योग्य जागी होती, सेटिंगमध्ये त्याच्या नावाची ओळही होती. तरी पडद्यावर एकच पालुपद: ड्रायव्हर सापडला नाही.

"संगणक एकदा बंद करून चालू करू या," ती चार दिवस रक्तपेढीच्या साहेबांच्या मागे लागली होती. "सेटिंग तो सुरू होतानाच वाचतो. नंतर लिहिलेलं त्याच्या गावीही नसतं."

पण साहेबांचा संगणक अखंड चालू होता. उद्घाटनापासून एकदाही बंद नाही. रोज सकाळी ते स्वतः दारावरच्या फळ्यावर दिवसांचा आकडा खडूनं लिहीत आणि दोन पावलं मागे जाऊन बघत. आज तिथे होतं १११२. "बंद हा शब्द या खोलीत काढायचा नाही," असं बजावून त्यांनी बाबांना बोलावणं धाडलं होतं. बटण दाबण्यापेक्षा बाबा बरे, असा हा हिशेब.

"दिवे घालवा," बाबा म्हणाले. "सगळे बाहेर. डोळे मिटून एकशेएक श्वास मोजा."

साहेबांनी मोजायला घेतलं. विसाव्या श्वासाला आतली संगणकाच्या पंख्याची घरघर थांबली.

"समाधी लागली," आतून आवाज आला. बाहेर पटापट हात जोडले गेले. थोड्या वेळानं घरघर पुन्हा सुरू झाली, एकशेएक झाले, दिवे लागले, आणि यादी पडद्यावर हजर. एकानं आत जाऊन माउसला नमस्कार केला.

"सावली काढलीय," बाबा म्हणाले. "पण ही बाई पुन्हा या खोलीत दिसली, तर यादी कायमची जाईल."

साहेबांनी ताईपुढे हात केला. "चावी द्या. उद्यापासून तुम्ही भांडारात. पिशव्यांना लेबलं लावा."

 तीन वर्षं ताई या खोलीत राबली होती, यादीतला एकेक दाता तिनं आपल्या हातानं भरला होता, आणि आता तिचीच सावली अपशकुनी. तिला रडू येत होतं, त्याहून जास्त राग येत होता.

"देते. त्याआधी एक ओळ टाइप करू द्या."

त्या ओळीत तिनं संगणकालाच विचारलं, किती वेळ चालू आहेस? उत्तर आलं: नऊ मिनिटं.

साहेबांनी पडदा वाचला, फळा वाचला, पुन्हा पडदा वाचला. "समाधीत होता ना तो," ते पुटपुटले.

"समाधी कसली, प्लग काढला होता," ताई म्हणाली. "आता खंड पडलाच आहे, तर परीक्षा होऊन जाऊ दे."

तिनं सेटिंगमधली ती ड्रायव्हरची ओळ काढून टाकली आणि संगणक बंद करून चालू केला. यादी गायब. "बाबा, माझी सावली परत पडली. दिवे चालू ठेवून, सगळ्यांसमोर काढा. फक्त प्लगला हात लावायचा नाही."

बाबांनी कांडी फिरवली. ड्रायव्हर सापडला नाही. मग उलटी फिरवली. तरीही नाही. "इथली हवाच अविश्वासाची आहे," असं म्हणून ते आपली चप्पल शोधायला गेले.

ताईनं ओळ परत लिहिली आणि झाडू घेऊन उभ्या असलेल्या सफाईच्या मावशींना म्हणाली, "मी बाहेर थांबते. तुम्ही बंद करा आणि चालू करा."

मावशींनी केलं. यादी आली. तपासनीस लगेच वाकून मावशींच्या पायाशी.

"पाय सोडा," मावशी वैतागल्या. "फरशी पुसायचीय मला."

"मावशींच्यात दैवी काही नाही आणि माझ्यात अपशकुनी काही नाही," ताई दारातून म्हणाली. "ओळ सोमवारपासून तिथेच होती. पुढच्या वेळी कुणी चमत्कार दाखवला, तर आधी विचारा, दिवे का घालवले? आणि एखाद्या बाईवर खापर फोडण्याआधी एकदा करून बघा."

साहेबांनी फळा पुसला, शून्य लिहिलं आणि सवयीनं दोन पावलं मागे जाऊन बघितलं.

"चावी तुमच्याकडेच राहू द्या," ते म्हणाले.