उल्काची फेरतपासणी

आईला जाऊन दोन महिने झाले आणि शिक्षण खात्याचं पत्र आलं. सरकारी खर्चाने विशेष शाळेत घातलेलं मूल तिथे रुळलंय की नाही, हे खात्याच्या बाई वर्षातून एकदा येऊन बघत. एरवी आई जायची. या वेळी हेमलता धाकट्या बहिणीचा हात धरून मयूर विहारहून मेट्रोने करोल बागेतल्या तिच्या शाळेत आली. उल्का चौदा वर्षांची. आजवर एक शब्द बोललेली नव्हती.

खात्याच्या तनेजा मॅडमनी फाइल उघडली. तीन वर्षं एकच शेरा: सूचना समजत नाहीत.

"इस बार भी यही रहा तो सोनीपतवाले हॉस्टेल भेजना पड़ेगा. आप अकेली हैं, नौकरी करती हैं."

"घर पे सब समझती है."

"घरवाले सब यही कहते हैं, बेटा."

वर्गशिक्षिका म्हणाली, "उल्का, दरवाज़ा बंद करो." उल्का पंख्याकडे बघत राहिली.

तेव्हा कुठे हेमलताच्या डोक्यात उजेड पडला. आई उल्काशी हिंदीचा शब्द काढत नसे. "तिच्या कानांना एकच भाषा पुरे," म्हणायची. शाळेत हे कधी कुणी विचारलं नाही, आणि आईला सांगायचं सुचलं नाही.

"उल्का, दरवाजा बंद कर."

काही नाही. हेमलताची मराठीही दिल्लीतच वाढलेली. आई कसं म्हणायची?

"उल्के, दार लोट गं."

उल्का उठली. दार लोटून तिथेच उभी राहिली आणि खोलीभर कुणाला तरी शोधू लागली. हेमलतावरून तिची नजर तशीच पुढे गेली.

"अरे वाह!" तनेजा मॅडमनी शेरा खोडला. "चलो, छह महीने और देखते हैं. पर यहाँ मराठी कौन बोलेगा? टीचर को लिस्ट बना दीजिए."

शिक्षिकेने कागद पुढे सरकवला. हेमलता लिहू लागली. दार लोट. चूळ भर. पाय पूस. ऊन आहे, फुंकर घाल.

मग पेन थांबलं. आठ वर्षं ती नोकरीसाठी चंदीगडला होती. सणावारी घरी आली की आई तिच्याशीच बोलत बसायची. बाकीचे दिवस त्या दोघींचं काय चालायचं, ते ऐकायला घरात तिसरं कुणी नव्हतंच.

"बस, इतना ही?"

"नहीं, और भी हैं," हेमलता म्हणाली, आणि कागदाकडे बघत बसली.