खाऱ्या वाळूतली सळई

मी एक जुनी लोखंडी सळई आहे. मित्रांनो, घर बघायला आलेला माणूस रंग बघतो, फरशी बघतो. मला कोणी बघत नाही, कारण मी स्लॅबच्या पोटात असते. मी दिसू लागले, की त्या घराचे काही खरे नसते.

१९९४ च्या मे महिन्यात मी रत्नागिरीहून टेम्पोतून जानूबाबांच्या गावी आले. ते मुंबईत एका छापखान्यात कामाला होते आणि पंधरा दिवसांची रजा काढून आले होते. जांभ्याच्या भिंती आदल्या वर्षीच उभ्या राहिल्या होत्या, वर तेवढा स्लॅब टाकायचा होता. वाडीतला तो पहिलाच स्लॅब. मला कापून, वाकवून, तारेने बांधून ठेवले. वाळू मात्र आली ती खाडीची. हरिश्चंद्र गवंड्याने चिमूटभर वाळू जिभेवर ठेवली आणि थुंकून टाकली.

"जानू, खारी आहे. एक पावसाळा धुवून निघू दे. दिवाळीनंतर स्लॅब टाकू."

"माझी रजा परवा संपते," जानूबाबा म्हणाले. "परत कधी सोडतील सांगता येत नाही. पोरगा गेले दोन पावसाळे गळक्या पत्र्याखाली झोपतोय. टाक तू."

दुसऱ्या दिवशी स्लॅब टाकला गेला.

लोखंडाला मीठ सोसत नाही. पण पहिली काही वर्षे मला काहीच जाणवले नाही. खाली जानूबाबांची बायको कमलाबाई भाकऱ्या थापत, लहानगा प्रज्ञेश पाढे म्हणत असे. आलेगेले म्हणत, जानूचे घर म्हणजे किल्ला. ते ऐकून मी मनातल्या मनात फुशारत असे. मग हळूहळू माझ्यावर गंज चढला. मी बारीक होत गेले, गंज फुगत गेला आणि स्वयंपाकघराच्या छताला तपकिरी डाग उमटले. जानूबाबा सुट्टीत आले की स्वतः स्टुलावर चढून भेगा भरीत आणि वरून रंग लावीत. प्रज्ञेश मोठा झाला, शाळेत शिक्षक झाला, तरी ते त्याला वर चढू देत नसत. "तू राहू दे, मी करतो," म्हणत. मला वाटे, किती जपतात हे घराला.

यंदा एप्रिलमध्ये घर नव्याने करायचे ठरले. कमलाबाईंचे गुडघे गेले होते, म्हणून संडास-बाथरूम घरात घ्यायचे होते आणि स्वयंपाकघर मोठे करायचे होते. विनीत नावाच्या गवंड्याने छताचा गिलावा फोडला आणि तीस वर्षांनी माझ्यावर उजेड पडला. त्याने बोट लावले, तर माझा पापुद्रा सुटून त्याच्या हातात आला. आधी मी पेन्सिलीएवढी जाड होते. आता काडेपेटीतल्या काडीएवढी उरले होते.

विनीतने हातोडी घेऊन सगळे घर ठोकून पाहिले. स्वयंपाकघर, माजघर, पडवी. सगळीकडून बद्द आवाज आला.

"सर, हे एका जागेचं काम नाही," तो प्रज्ञेशला म्हणाला. "सगळा स्लॅब गेलाय. पावसाच्या आधी घर खाली करा."

"दुरुस्त नाही होणार?" प्रज्ञेशच्या बायकोने, आम्रपालीने विचारले.

"वहिनी, जोड द्यायला आत चांगली सळई तरी उरलीय कुठे?"

प्रज्ञेश संतापला. "त्या हरिश्चंद्राने खारी वाळू घातलन. आज हयात असता तर त्याच्या दारात जाऊन जाब विचारला असता."

जानूबाबा पडवीत बसले होते. ते उठून आत आले.

"त्याला बोल लावू नको. त्याने मला सांगितलन होतं. मीच थांबलो नाही."

मग प्रज्ञेश म्हणाला, "तुम्हाला माहीत होतं. आणि आम्हाला याच्याखाली झोपू दिलंत."

"सांगायचं होतं रे. दर सुट्टीत ठरवून यायचो. तू वर बघून मित्रांना सांगायचास, हा आमचा स्लॅब. मग तोंड उघडायचं नाही."

प्रज्ञेश बाहेर निघून गेला.

मेअखेर सगळे रत्नागिरीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला गेले. खोल्या दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. कमलाबाईंना खुर्चीत बसवून दोघांनी उचलून वर नेले. त्यानंतर त्या खाली उतरलेल्या नाहीत, असे आम्रपाली विनीतला सांगत होती. नव्या घराचा विषय कोणी काढत नाही. जानूबाबा मात्र एसटीने रोज येत आणि घर पाडताना समोर उभे राहत. कधी प्रज्ञेशही येई. "औषध घेतलंत?" एवढेच विचारी. ते मान हलवीत. दोघे दोन टोकांना उभे असत.

आता मी अंगणात भंगाराच्या ढिगात पडले आहे. माझ्यासाठी आता कोणी काही करू शकत नाही. पण मित्रांनो, तुमचे घर बांधताना एखादा जाणता माणूस थांब म्हणाला, तर थांबा. छताला डाग दिसला, तर त्यावर रंग मारू नका. आणि चूक झालीच असेल, तर ती लगेच घरात सांगा. जानूबाबांनी पहिल्याच वर्षी सांगितले असते, तर मी वाचले असते की नाही, कोण जाणे. पण ते बापलेक आज एकमेकांशी बोलत असते.