सोमाजीनं सांगितलेला पिक्चर

खोडदच्या सोमाजीला जगात दोनच गोष्टींची भीती होती, आणि दोन्ही त्याच्याच घरात होत्या. एक देव्हाऱ्यातला चांदीचा टाक आणि दुसरी बायको, लंकाबाई. बायकोची भीती सगळ्या गावाला ठाऊक होती आणि गाव त्यावर पोट धरून हसायचं. टाकाची मात्र त्यानं पन्नास वर्षं कुणाला कळू दिली नव्हती.

तसा माणूस भित्रा म्हणावा असा नव्हे. इंग्रजांच्या पलटणीत भरती होऊन तो पार जावा बेटापर्यंत जाऊन आला होता. सत्तेचाळीस साली घरी आला तेव्हा त्याच्या पत्र्याच्या ट्रंकेत, कपड्यांच्या घडीत, अंगठ्याएवढा चांदीचा पत्रा निघाला. वर पक्ष्यासारखं काहीतरी कोरलेलं आणि दोरा ओवायला भोक. हा कुठला देव, असं आईनं विचारलं. सोमाजी कपड्यांच्या घड्या घालत राहिला. तेव्हा आईनं आपल्या मनानंच ठरवलं की ज्यानं माझा लेक जिता परत आणला तोच हा देव. तिनं तो धुतला, हळदकुंकू लावलं आणि कुळाच्या टाकांशेजारी बसवला. पुढं लंकाबाई लग्न होऊन आली, सासूनं देव्हारा तिच्या हाती सोपवला, आणि 'जाव्याचा देव' रोज अंघोळ करून नैवेद्य खाऊ लागला.

सोमाजी देव्हाऱ्याला कधी हात लावायचा नाही. दसऱ्याला टाक उजळायचे म्हटलं की त्याला नेमकं शेतावर पाणी धरायचं असायचं. लोक म्हणत, बाबांनी जपानी मारलेत, रक्ताचे हात देवाला लावत नाहीत, केवढा धर्म पाळतात! ही जपान्यांची गोष्ट त्यानंच गावात सोडलेली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि सोमाजीनं ती चांगली आवळून धरली होती.

सत्त्याण्णव साली स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली आणि गावाला सोमाजीची आठवण आली. पंधरा ऑगस्टला झेंडा झाला की बाबांचा शाल-नारळ देऊन सत्कार करायचा, असं ठरलं. एवढ्यावर थांबले असते तर सगळ्यांचंच भलं झालं असतं. पण गावाजवळच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीवर टेक्निशियन असलेला गोरख हौशी. तिथं आलेल्या कुणा परदेशी पाहुण्यानं मागं ठेवलेली एक कॅसेट त्याच्याकडं होती. तिच्यावर शिपायांचं चित्र, मागं नारळीची झाडं. त्यानं नारायणगावातून टीव्ही आणि व्हीसीआर आणला आणि सगळ्यांना सांगून टाकलं, सत्कारानंतर लढाईचा पिक्चर.

ती नारळीची झाडं पाहून सोमाजीनं कॅसेट पालथी ठेवली. चोराच्या मनात चांदणं. सत्काराच्या सकाळी त्यानं पोट दुखतंय म्हणून पाहिलं. लंकाबाईनं ओवा दिला आणि इस्त्रीचा सदरा काढून ठेवला. तो श्रावणातला शुक्रवार होता. तिनं भिंतीवर जिवतीचा कागद लावून पूजा केली, लेकराबाळांना सुखी ठेव म्हणून हात जोडले, सुनेला पुरण घालायला सांगितलं आणि नवऱ्याच्या मागं चार पावलांचं अंतर ठेवून शाळेकडं निघाली.

शाळेच्या मोठ्या वर्गाच्या खिडक्यांना बारदानं बांधून भर दिवसा अंधार केला होता. सत्कार झाला, टाळ्या झाल्या, आणि पिक्चर सुरू झाला. दोन मिनिटांत सगळ्यांच्या लक्षात आलं की यातलं अक्षरही कळत नाही. हिंदी नव्हे, इंग्रजीही नव्हे. गोरखचं तोंड एवढंसं झालं. तेव्हा सरपंच दादाभाऊंनी तोड काढली. बाबा तिकडं राहून आलेत, त्यांना कळत असणारच. बाबांनी सांगावं, आपण ऐकावं. लगेच कुणीतरी सोमाजीची खुर्ची उचलून टीव्हीशेजारी नेऊन ठेवली.

सोमाजीला ती भाषा काडीची येत नव्हती. पण गळ्यात हार, अंगावर शाल, समोर सगळं गाव. नाही म्हणायला जी हिंमत लागते ती त्याला विशीत झाली नव्हती, तर सत्तरीत कुठून होणार?

सुरुवातीला निभावलं. गोरे शिपाई पत्र्याच्या थाळ्यांत जेवत होते, तर सोमाजीनं सांगितलं, कालवणाला नावं ठेवतायत. लोक हसले. एक कोवळा शिपाई पत्र लिहीत होता, तर म्हणाला, आईला लिहितोय, गाभण म्हैस व्याली का विचारतोय. आणखी हसले. सोमाजीला थोडा धीर आला. मग शिपाई निघाले, आणि तो म्हणाला, आता जपान्यांना शोधायला चाललेत.

भातखाचरांच्या बांधावरून ते एका वस्तीपाशी पोचले. बांबूची घरं, झावळ्यांची छपरं, दारात कोंबड्या. सोमाजी खुर्चीत मागं सरकला. वस्ती हीच होती. विहीर तेवढी त्याच्या वेळी डाव्या हाताला होती, इथं उजव्या हाताला दाखवली होती. माणसं घरांतून बाहेर पळू लागली आणि शिपाई त्यांच्या मागं.

हे जपान्यांचं ठाणं, असं त्यानं सांगितलं.

बायकांमधून धोंडाबाईनं विचारलं, "बाबा, जपान्यांकडं बंदुका कशा न्हाईत? ह्यांच्या हातात तर कळकाच्या काठ्या हायेत."

बुडत्याचा पाय खोलात. तो म्हणाला, बंदुका लपवल्यात. घरं पेटली, तर म्हणाला, आत दारूगोळा आहे. एक बाई शिपायाचे पाय धरून रडायला लागली, तर म्हणाला, ही त्यांची... टीव्हीवर तो पत्र लिहिणारा शिपाई बंदूक धरून उभा होता. समोर टोक काढलेला कळक घेतलेलं पोरगं. शिपायानं मागं वळून साहेबाकडं पाहिलं, आणि साहेब काहीतरी ओरडला.

"काय म्हनला?" चार-पाच जणांनी एकदम विचारलं.

एवढं मात्र सोमाजीला कळलं होतं.

"मार म्हनला," तो म्हणाला. "आनि मी मारलं."

गोरखनं घाईनं बटण दाबलं. चित्र थांबलं, पण पुरतं थांबेना, जागच्या जागी थरथरत राहिलं.

"जपानी न्हवते ते," सोमाजी म्हणाला. आता त्याला थांबता येत नव्हतं. "जपान आमी जायच्या आधीच हरलं व्हतं. त्या लोकांनी आपला झेंडा लावला व्हता, आज आपन लावला तसा. आमाला तो उतरवायला नेलं. पोरगं सतरा-अठरा वर्साचं आसंल. कळक धरलेला हात कापत व्हता त्याचा. माझा बी कापत व्हता. त्याच्या गळ्यात चांदीचा पत्रा व्हता, तो मी तोडून घेतला. का घेतला, ते मला आजून कळलं न्हाई."

मग दादाभाऊ उठून बोलले, लढाईत असं व्हायचंच, शिपाई हुकुमाचा ताबेदार, बाबांनी मनाला लावून घेऊ नये. एकानं टाळी वाजवली आणि लाजून थांबवली. सोमाजीला यातलं काही ऐकू आलं नाही. तो बायकांच्या रांगेकडं बघत होता, आणि तिथून लंकाबाई उठली होती.

घरी जाताना ती पुढं होती. आयुष्यभर चार पावलं मागं चाललेली बाई आज पुढं, आणि हार घातलेला सोमाजी तिच्या मागं. त्याच्या पाचावर धारण बसली होती. ही टाक उकिरड्यावर फेकून देईल. सुनेसमोर मला घराबाहेर काढेल. किंवा काहीच करणार नाही, आणि मरेपर्यंत एक शब्द बोलणार नाही. हे शेवटचं मनात आलं तेव्हा तो बांधावर क्षणभर खाली बसला. तिनं वळून पाहिलं नाही.

तो आत आला तेव्हा ती देव्हाऱ्यासमोर बसलेली होती. भिंतीवरच्या कागदात जिवती, मांडीवर पोरं घेतलेली. आत पुरण शिजल्याचा वास. लंकाबाईनं त्याच्याकडं न बघता विचारलं, "त्याची आई व्हती का तिथं?"

सोमाजीला खोटं बोलता आलं असतं. सवय जुनी होती.

"व्हती," तो म्हणाला. "पाय धरले व्हते तिनं माझे."

लंकाबाईनं समईची वात पुढं सारली. मग म्हणाली, "आनि मी दर जिवतीला त्याच्यापुढं पदर पसरला. माझी लेकरं राख म्हनून." तिनं डोळे पुसले. "राखली बी त्यानं."

तिनं टाक उचलून तांब्याच्या ताम्हनात ठेवला आणि ताम्हन सोमाजीपुढं सरकवलं. आजपासून याची अंघोळ तुम्ही घालायची, रोज, मी फार केलं, असं सांगितलं आणि उठून चुलीपाशी गेली.

सोमाजी शाल पांघरून तसाच बसला. ताम्हनात तो कोरलेला पक्षी वर तोंड करून पडला होता. त्या पोराच्या गळ्यातून तोडून ट्रंकेत टाकला, त्यानंतर त्यानं त्याला बोट लावलं नव्हतं. देव्हाऱ्यापाशी तांब्या भरलेला होता. त्यानं तो उचलला. हात इतका कापला की पाणी ताम्हनाबाहेर, स्वतःच्या मांडीवर सांडलं. त्यानं तांब्या दोन्ही हातांनी धरला.

"गार घालू नगा त्याला," आतून लंकाबाई म्हणाली. "चुलीवर कोमट हाये."